एकोणीस जणांचा मोसम

वेस्टरकर्क, आयोवा
रविवार, १७ सप्टेंबर १९५०

प्रिय एव्हर्ट,

हे पत्र फाडायच्या आधी एवढं ऐक, यात माझ्याबद्दल काही नाही. फक्त टीमबद्दल आहे.

तुझा पत्ता कोच बोल्टनी दिला. खेळायचे बूट पाठवा म्हणून तू त्यांना लिहिलंस म्हणे. ते मी पुसले, आत कागद कोंबले आणि शुक्रवारी टपालात टाकले. तू तिकडे ओरेगॉनमध्ये एखाद्या संघातून खेळतोयस अशी कोचची समजूत आहे. मला वाटतं, ओल्या ओंडक्यांवरून चालताना पाय घसरू नये म्हणून तुला ते खिळेवाले बूट हवेत. खरं काय ते तुलाच ठाऊक.

यंदा कॉलेजच्या टीममध्ये एकोणीसच खेळाडू आहेत. सहा जणांना सैन्याचं बोलावणं आलं, दोघांनी लग्नं केली. पहिल्या दिवशी कोच दवाखान्यात आले आणि माझ्या खुर्चीत बसून टोपीने वारा घेत म्हणाले,

"सिस्टर, अकरा मैदानात, आठ बाकावर. त्या आठांतल्या दोघांना धाप लागते आणि एकाला दिसत नाही."

"दिसत नाही तो कोण?"

"लाथ मारून चेंडू खांबांच्या मधून घालवायचा असतो ना, तो."

काल पहिला सामना झाला. तेहतीस-शून्य. शून्य आपलं. या धक्काबुक्कीच्या फुटबॉलमधलं मला अजूनही फारसं कळत नाही, पण आपली पोरं सारखी पाठीवर पडलेली होती, एवढं दिसत होतं. बेकरीवाल्या मुल्डरांचा कॉर्नी आठवतो? तू होतास तेव्हा तो पहिल्या वर्षाला होता आणि पाणी द्यायचा. आता संघात आहे, वजन एकशे पंचवीस किलो. सामन्यानंतर गुडघा दाखवायला आला आणि दवाखान्याची खाट मोडली. खाटेवरून उठला, तुकड्यांकडे बघितलं आणि विचारलं, "सिस्टर, हिलाही पट्टी बांधायची का?"

थंडी पडेल तिकडे. लोकरीचे मोजे पुढच्या पार्सलमध्ये घालते.

गेझीना


रविवार, ८ ऑक्टोबर

प्रिय एव्हर्ट,

हे चौथं पत्र. उत्तर नाही, नसू दे. पत्रं परत आलेली नाहीत, म्हणजे तिकडे कुणीतरी ती घेतंय.

काल आपण जिंकलो! चौदा-तेरा. पहिले तीन सामने हरल्यावर गावाला जिंकायची इतकी सवय उरली नव्हती, की शिट्टी वाजल्यावर लोक क्षणभर बसूनच राहिले. मग चर्चच्या डोमिनींची बायको उभी राहिली आणि तिने तिची छत्री हवेत फेकली. ती ट्रम्पेटवाल्या पोराच्या डोक्यावर पडली. काल दवाखान्यात आलेली एकमेव जखम तीच.

या विजयाचं श्रेय आर्लो डे हानचं. नदीपलीकडच्या डे हानांचा मधला मुलगा. कोचनी त्याला पहिल्यांदाच क्वार्टरबॅक म्हणून, चेंडू फेकायला, उभं केलं. लाजाळू आहे. समोरच्याच्या बुटांकडे बघून बोलतो. पण चेंडू हातात आला की मान वर होते, दोन पावलं मागे सरतो आणि असा लांब फेकतो की चेंडू हवेत झोपलाय असं वाटावं. कोचनी त्याला सगळा उन्हाळा शिकवलं. कोणासारखं फेकायला शिकवलं ते मला दिसलं. उजवा खांदा किंचित खाली टाकायची ती लकब. मी दुसरीकडे पाहिलं.

खाटिक झिलस्ट्रानी आज चर्चबाहेर माझा हात धरून सांगितलं, "यंदा होल्टनला हरवणार आपण, बघाच!" होल्टन कॉलेजाला आपण अकरा वर्षांत हरवलेलं नाही. पण काल एक सामना जिंकला, तेव्हा गावाला आता सगळंच शक्य वाटतं.

मोजे मिळाले का? डाव्याची टाच जरा सैल झालीय. विणताना रेडिओवर तुमच्याकडच्या वादळाची बातमी लागली होती.

गेझीना


रविवार, २९ ऑक्टोबर

प्रिय एव्हर्ट,

लागोपाठ चार सामने जिंकले. बेकरीत केकवर आर्लोचं नाव लिहून विकताहेत. आर्लो ते बघून मागच्या दाराने जातो. कॉर्नी मात्र पुढच्या दाराने जातो आणि विचारतो, "माझ्या नावाचा का नाही?" त्याचा बाप म्हणतो, "तुझ्या नावाचा केलेला तू विकायच्या आधी खातोस."

कॉर्नी आता पुढच्या फळीत मधोमध उभा राहतो. समोरून येणाऱ्यांना आर्लोपर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो ते भिंतीसारखं करतो. फरक इतकाच, की भिंत सामन्याच्या मधेच सँडविच मागत नाही.

आज एकोणतीस ऑक्टोबर. गेल्या वर्षी याच तारखेला, तेव्हा शनिवार होता, तू

नको. टीमबद्दलच लिहीन म्हटलं होतं.

होल्टनशी सामना अठराला आहे.

गेझीना


रविवार, ५ नोव्हेंबर

एव्हर्ट,

काल जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच सांगते.

दुसऱ्या सत्रात आर्लोने चेंडू फेकला. चेंडू गेला, सगळ्यांच्या माना चेंडूमागे गेल्या. माझी गेली नाही. मी आता चेंडूकडे बघतच नाही. एक दांडगा पोरगा उशिरा आला आणि त्याने आर्लोला खाली पाडलं. आर्लोचं डोकं जमिनीवर आपटलं. थंडीने जमीन दगड झाली होती. तो लगेच उठला. टाळ्या पडल्या. मग तो चालत दुसऱ्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.

लोक हसले. कॉर्नीने त्याला दंडाला धरून परत आणलं. कोचनी ओरडून विचारलं, "बरा आहेस ना?" त्याने मान हलवली. कोचनी टाळी वाजवली. खेळ सुरू होणार होता.

मी मैदानात गेले, एव्हर्ट. पांढऱ्या बुटांत, टोपीसकट, चुन्याची रेघ ओलांडून. पंचाने शिट्टी वाजवली.

"बाई, बाहेर व्हा!"

"होते. आधी याच्याशी बोलते."

आर्लोसमोर उभी राहिले. तो माझ्या बुटांकडे बघत होता.

"आर्लो, आज वार कोणता?"

"शनिवार, सिस्टर."

"कसं ओळखलंस?"

"सामना आहे ना."

हुशार आहे. मी विचारलं, "सकाळी नाष्ट्याला काय खाल्लंस?"

तो विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "कॉर्नीला विचारा. त्याला जेवणाचं लक्षात असतं."

कॉर्नी हसला नाही. त्यानेच आर्लोचं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं.

कोच धावत आले. मान लाल झाली होती. "सिस्टर, पोराला जरा गरगरलंय. सगळ्यांनाच गरगरतं. दोन मिनिटं बसवा, पाणी पाजा, परत पाठवा."

"तो आज परत येणार नाही. या मोसमात येणार नाही."

"हे तुम्ही ठरवणार?"

"हो."

"तीन हजार लोकांसमोर?"

"कोच, गेल्या वर्षी मी एकांतात सांगितलं होतं. तेव्हा उशीर झाला होता."

 त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं आम्हा दोघांनाही एकच माणूस आठवला. मग त्यांनी बाकाकडे वळून दुसऱ्या पोराला हाक मारली. मी आर्लोला धरून बाहेर आणत होते तेव्हा कुणीतरी ओरडलं, "अजून एक बुडवला हिने!" आवाज ओळखीचा होता. नाव लिहीत नाही.

सामना हरलो. आर्लो दवाखान्यात आहे. उलट्या थांबल्या. त्याला दर थोड्या वेळाने उठवून नाव विचारायचं असतं, म्हणून मी इथेच आहे आणि हे लिहितेय.

गेझीना


बुधवार, ८ नोव्हेंबर

एव्हर्ट,

आता हे लिहिते. यात टीम नाही. वाचायचं नसेल तर इथेच थांब, मला कळणार नाही.

तुला वाटतं, मी वचन मोडलं. गेल्या वर्षी तुझ्या डोक्याला लागलं, तू मला म्हणालास, "कुणाला सांगू नकोस, झीन, शपथ घे," आणि मी घेतली. मग होल्टनच्या सामन्याच्या दिवशी सकाळी मी कोचना जाऊन सांगितलं. शिकागोहून व्यावसायिक संघाचा माणूस खास तुला बघायला आला होता, आणि तू सबंध सामना घोंगडी पांघरून बाकावर बसलास. सोमवारी तू गेलास. जाताना म्हणालास, "तुला माझं काही चांगलं झालेलं बघवलं नाही."

वचन मोडल्याचं मला वाईट वाटत नाही. ते उशिरा मोडलं, याचं वाटतं.

तुला लागलं त्यानंतरच्या सोमवारी तू स्वयंपाकघरात आलास. मी बटाटे सोलत होते. तू टेबलाशी बसलास, घड्याळाकडे बघितलंस आणि म्हणालास, "आई अजून चर्चमधून आली नाही?"

आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मला वाटलं, चेष्टा करतोयस. मी म्हटलं, "काय रे हे बोलणं!" तू माझ्याकडे बघितलंस ते अगदी शांतपणे, उत्तराची वाट बघत. मग एकदम तुझा चेहरा बदलला, तू कॉफी मागितलीस, आणि आपण दुसरंच काहीतरी बोललो. पुढे तुला ते आठवलं नाही. मला माहीत आहे, कारण मी चारदा आडून विचारलं.

मी नर्स आहे, एव्हर्ट. त्या वाक्याचा अर्थ मला तिथल्या तिथे कळला होता. तरी मी तुला आणखी दोन शनिवार खेळू दिलं.

का? तू शपथ घातली होतीस म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. बारा वर्षांनी मोठी बहीण, लग्न नाही, दवाखान्यात पट्ट्या बांधणारी. त्या वर्षी पहिल्यांदा लोक रस्त्यात थांबून मला हाक मारायचे. "ही एव्हर्टची बहीण!" झिलस्ट्रा मला चांगला तुकडा बाजूला काढून ठेवायचा. चर्चमध्ये माझ्यासाठी जागा धरायचे. मला ते आवडत होतं. दोन आठवडे मी माझ्या आवडीसाठी तुझं डोकं पणाला लावलं. तिसऱ्या शनिवारी सकाळी तुझे बूट बांधताना तुझी बोटं नाडीत अडकलेली बघितली, आणि मला माझीच शिसारी आली.

हे मी तुला वर्षभर सांगितलं नाही. तू माझ्यावर चुकीच्या कारणाने रागावला होतास आणि मला ते सोयीचं होतं. आता खऱ्या कारणाने रागाव.

तुझी बहीण


रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय एव्हर्ट,

काल चाळीस-शून्य हरलो. शून्य कोणाचं ते सांगत नाही.

झिलस्ट्रा आता मला शेपटीकडचा भाग देतो. काल सकाळी तिथेच रांगेत उभी होते, कुणी बोलत नव्हतं. एवढ्यात आर्लोचा बाप आत आला, चिखलाच्या बुटांनी. डे हान किती कमी बोलतो ते तुला ठाऊक आहे. तो थेट माझ्यापाशी आला, टोपी काढली.

"पोरगं काल गोठ्यात आलं," तो म्हणाला. "सगळ्या गायींची नावं बरोबर घेतली. चौदाही."

"छान झालं," मी म्हटलं.

"गेल्या रविवारी आईचं नाव सांगता आलं नव्हतं त्याला." मग तो काउंटरकडे वळला. "झिलस्ट्रा, यांना नीट तुकडा दे."

झिलस्ट्राने शेपटीकडचा तुकडा परत ठेवला आणि सुरी उचलली.

कोच येऊन गेले. खुर्चीत बसले नाहीत, दारातच उभे राहिले. म्हणाले, "एव्हर्टला काही आठवत नव्हतं हे तुम्ही मला गेल्या वर्षी आधी सांगितलं असतंत, तर मी ऐकलं असतं का, तेच विचार करतोय." मी म्हटलं, "काय वाटतं?" ते म्हणाले, "नसतं ऐकलं." मग म्हणाले, "त्याचं उत्तर आलं का?"

मी नाही म्हटलं.

गेझीना


रविवार, १९ नोव्हेंबर

प्रिय एव्हर्ट,

शून्य-शून्य!

नीट वाच. होल्टनचंही शून्य!

शुक्रवारपासून ओला बर्फ पडत होता. मैदानाचा पार चिखल झाला होता. होल्टनचे पन्नास जण तीन बसमधून उतरले. आपले धडधाकट तेरा. चेंडू फेकणारा कुणी नाही, म्हणून कोचनी फेकणंच रद्द केलं. सामन्याआधी पोरांना म्हणाले, "आज जिंकायचं नाही. आज हलायचं नाही. कॉर्नी, तू कुठे उभा राहणार?"

"मधे, कोच."

"किती वेळ?"

"जेवणापर्यंत."

एव्हर्ट, ते हलले नाहीत! होल्टनवाले येत, आदळत आणि चिखलात बसत. एकदा तर आपल्या शेवटच्या रेघेपासून हातभर अंतरावर आले. चार वेळा आदळले. चौथ्या वेळी सगळ्यांचा एक ढीग झाला, आणि पंच एकेक जण उचलून बाजूला काढू लागला. सगळ्यात खाली कॉर्नी होता, चेंडूवर आडवा. विचारत होता, "संपलं का?"

आर्लो माझ्याशेजारी बसला होता, घोंगडी पांघरून. मला त्याच्याकडे बघवेना. मग तोच म्हणाला, "सिस्टर, मला वाटलं होतं मी रडेन." "मग?" "कॉर्नीला बघून हसूच येतंय." त्याने घोंगडीचा अर्धा भाग माझ्या गुडघ्यांवर टाकला.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा गाव मैदानात उतरलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा होल्टन इथून न जिंकता गेलं. झिलस्ट्राने चिखलात कोचना मिठी मारली. मग मला मिठी मारायला आला आणि मधेच थांबला. मी म्हटलं, "मारा आता, इतके पुढे आलाच आहात तर." त्याचे डोळे भरून आले. "सिस्टर, त्या दिवशी तो ओरडणारा..." मी म्हटलं, "आवाज ओळखला होता मी."

मोसम संपला. चार जिंकले, पाच हरले, एक बरोबरीत. माझ्याकडे आता तुला लिहायला निमित्त उरलं नाही. तरी लिहीन.

झीन


लाकूडतोड छावणी, ओरेगॉन
शुक्रवार, २४ नोव्हेंबर

गेझीनाबाईंना तोइवो लाक्सोचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी इथला स्वयंपाकी. तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत, त्याबद्दल आधी माफी मागतो.

तुमच्या भावाला वाचता येत नाही, बाई. म्हणजे अक्षरं येतात, पण चार ओळींनंतर ती पोहायला लागतात, असं तो म्हणतो, आणि डोकं दुखतं. तो हे कुणाला सांगत नव्हता. सप्टेंबरमध्ये ओंडक्यावर चक्कर येऊन पडता पडता वाचला, तेव्हा मुकादमाने त्याला जंगलातून काढून माझ्याकडे दिला. तुमचं पहिलं पत्र त्याने तीन दिवस खिशात ठेवलं. मग मला म्हणाला, "तोइवो, एवढं वाचून दाखव, मोठ्याने नको." पण मी मुळात हळू बोलत नाही. कॉर्नीने खाट मोडली तिथे टेबलावरचे सगळे हसले, आणि तेव्हापासून रात्रीच्या जेवणाला तुमचं पत्र वाचायची पद्धतच पडली. चौतीस माणसं आहेत. फिनलंडचे, स्वीडनचे, दोघे मेक्सिकोचे. हा खेळ कुणालाच कळत नाही, पण कॉर्नी सगळ्यांना कळतो.

आठ तारखेचं पत्र मी सगळ्यांसमोर उघडलं. पहिल्या दोन ओळींवर थांबलो. एव्हर्टला म्हटलं, "हे आपण दोघंच वाचू." तो म्हणाला, "नाही, वाच." मी वाचलं. कुणीही चमचा उचलला नाही. तो उठून बाहेर गेला. परत आला, भांडी घासली, काहीच बोलला नाही. असे दहा दिवस गेले. काल सणाचा टर्की कापला, शून्य-शून्यचं पत्र वाचलं, लोकांनी टेबलं बडवली. आणि तो माझ्याशेजारी बसून म्हणाला, "लिहून घे." तर हे त्याचं, शब्दाला शब्द:

"झीन, तू म्हणतेस दोन शनिवार मी खेळलो. मला ते आठवत नाहीत. लोकांनी सांगितलं की दोन्ही मी जिंकून दिले, म्हणून मी हो म्हणत गेलो. शिकागोचा माणूस माझ्याशी हात मिळवून त्यातल्याच एका फेकीबद्दल बोलला, आणि मी मान हलवत राहिलो. मला फक्त तिसरा आठवतो, बाकावरचा. मी त्याच्यावरून तुझ्यावर रागावलो, कारण रागवायला माझ्याकडे तेवढाच होता.

"आईचं मला माहीत नव्हतं. तू तेव्हा एकटीने ऐकलंस ते. भीती वाटली असेल तुला.

"बूट ओंडक्यांवर काही कामाचे नाहीत. मोजे चांगले आहेत, टाच खरंच सैल आहे. मला घरी यायचं आहे, पण गाडी कुठे बदलायची ते लक्षात राहील याची खात्री वाटत नाही, म्हणून आलो नाही. हे कोचना सांगू नकोस. किंवा सांग. तू सांगितलेलं बरं असतं."

एवढंच त्याचं. माझं एकच. माणूस चांगला आहे, पण कांदे जाड चिरतो.

तोइवो लाक्सो


वेस्टरकर्क
मंगळवार, २८ नोव्हेंबर

प्रिय एव्हर्ट, आणि तोइवो, आणि टेबलावरचे बाकी सगळे जण,

हे पत्र आणि मी, आधी कोण पोचेल सांगता येत नाही. मी परवा सकाळच्या गाडीने निघते. कोच स्वतः ओमाहापर्यंत सोडायला येताहेत. डे हानांनी चीज दिलंय, मुल्डरांनी तीन पाव दिलेत. चौथा कॉर्नीने घरून इथे आणेपर्यंत संपवला.

तोइवो, मी येईपर्यंत त्याला शिडीवर चढू देऊ नका, आणि कांदे जाडच चिरू द्या.

एव्हर्ट, स्टेशनवर येऊ नकोस. जिथे आहेस तिथेच थांब, मी शोधून काढते. आयोवा सिटीच्या मोठ्या दवाखान्यात डोक्याचे डॉक्टर आहेत, त्यांना लिहून झालं. ते सगळं बरं करतील असं मी म्हणत नाही. मी नर्स आहे, तसं वचन देणार नाही. गाडी कुठे बदलायची ते मात्र माझ्या लक्षात राहील.

आणि परतीचा प्रवास अडीच दिवसांचा आहे. ते दोन शनिवार मी पहिल्या ओळीत बसून बघितलेत. पहिल्यात तू सतरा चेंडू फेकलेस, दुसऱ्यात एकवीस. मला एकेक आठवतो. खिडकीशी तू बस, मी सांगत जाईन.

झीन